भूमिकाखेळातील विश्वरचना : पालघर-तारापूर परिसराच्या आधारे एक विवेचन

सारांश

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात खेळाडू एका कल्पित जगातील पात्रे होतात आणि त्या जगात संवाद व निर्णय यांच्या द्वारे वावरतात. असे जग उभे करण्याच्या प्रक्रियेला येथे 'विश्वरचना' असे म्हटले आहे. विश्वरचना म्हणजे नकाशे, राजवंश आणि नावांच्या याद्या तयार करणे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात कल्पित जग टिकते ते मर्यादांवर आणि हक्कांवर. कोणाला काय करता येते, काय करता येत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यात निश्चित झालेले असावे लागते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा पालघर, बोईसर व तारापूर या परिसराचा भूगोल, इतिहास आणि लोकपरंपरा यांच्या आधारे स्पष्ट केला आहे. जिवंत समाजांची सामग्री खेळात घेताना कोणत्या मर्यादा पाळाव्यात आणि महाविद्यालयीन अध्यापनात या प्रकाराचा कितपत उपयोग होऊ शकतो, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, विश्वरचना, सूत्रधार, मोहीम, बोहाडा, चौक, उत्तर कोकण.

१. प्रस्तावना

'खेळ' हा शब्द उच्चारताच मैदान, पट किंवा पत्ते डोळ्यांसमोर येतात. गेल्या अर्धशतकात जगभर रुजलेला भूमिकाखेळ हा प्रकार या तिन्हींहून वेगळा आहे. त्यात साधारणतः चार ते सहा जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो आणि उरलेले प्रत्येकी एक पात्र स्वीकारतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो. खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात. ज्या कृतीचे यश अनिश्चित असते तिचा निकाल फासे टाकून ठरतो. त्यातून पुढची परिस्थिती निर्माण होते. या खेळात रूढ अर्थाने कोणी जिंकत किंवा हरत नाही. अनेक बैठकांतून चालणाऱ्या अशा सलग खेळाला 'मोहीम' हा मराठी शब्द अगदी चपखल बसतो.

प्रकार न पाहिलेल्या वाचकासाठी एक लहानसा प्रसंग कल्पावा. सूत्रधार सांगतो, "संध्याकाळ होत आली आहे. तुम्ही मुरबे गावच्या काठावर उभे आहात. खाडीपलीकडे सातपाटीचे दिवे दिसत आहेत." एक खेळाडू म्हणते, "मी होडीवाल्याला विचारते, 'काका, पलीकडे सोडाल का?'" सूत्रधार होडीवाल्याच्या भूमिकेत शिरून उत्तर देतो, "सोडीन. पण भरती येईपर्यंत थांबावे लागेल. आणि वाटेत कोणी अडवले तर मी तुम्हाला ओळखत नाही." या चार वाक्यांत खाडी, भरतीची वेळ, वाटेवरचा पहारा आणि होडीवाल्याची भीती अशा चार गोष्टी स्थापित झाल्या. यांपैकी एकही गोष्ट वर्णनाच्या हौसेने आलेली नाही. प्रत्येक गोष्टीमुळे खेळाडूंपुढे काही अडथळा किंवा काही निवड उभी राहते. विश्वरचनेचे मर्म येथेच आहे.

२. पूर्वपीठिका

या खेळाचे मूळ युद्धखेळांत सापडते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळ वापरात आला. त्यात दोन बाजू आणि निर्णय देणारा एक पंच असे. पुढे हौशी खेळाडूंनी हा प्रकार उचलला. अमेरिकेत डेव्ह आर्नेसन यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी एका खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र देण्याचा प्रयोग 'ब्लॅकमूर' या आपल्या कल्पित प्रदेशात केला. गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने त्यातून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रकाशित झाला. युद्धखेळातील पंच येथे सूत्रधार झाला आणि रणभूमीची जागा एका संपूर्ण जगाने घेतली.

साहित्याच्या अंगाने पाहिले तर कल्पित जगाचा सैद्धांतिक विचार जे. आर. आर. टॉल्कीन यांनी १९३९ च्या परीकथाविषयक व्याख्यानात केला होता. लेखक एक 'दुय्यम जग' निर्माण करतो आणि त्या जगाचे नियम आतून सुसंगत असतील तोपर्यंत वाचक त्यावर विश्वास ठेवतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. मराठीतही अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून सुरू होते. मात्र कादंबरी आणि भूमिकाखेळ यांत एक मूलभूत अंतर आहे. कादंबरीतील पात्रे लेखकाने आखलेल्या वाटेनेच जातात. खेळाडू कोणत्याही वाटेने जाऊ शकतात. त्यामुळे खेळासाठी रचलेले जग न ठरवलेल्या प्रश्नांनाही उत्तर देऊ शकेल असे असावे लागते.

३. विश्वरचनेच्या दोन पद्धती

विश्वरचनेच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली व्यापकाकडून विशिष्टाकडे जाते. आधी खंड, समुद्र, धर्म, भाषा व इतिहास ठरवायचे आणि मग एका गावापर्यंत यायचे, असा तिचा क्रम असतो. एम. ए. आर. बार्कर यांचे 'टेकुमेल' हे जग या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. बार्कर हे भाषावैज्ञानिक होते. त्यांनी उर्दू व ब्राहुई या भाषांवर काम केले होते आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ते दक्षिण आशियाविषयक अध्यापन करीत. त्यांच्या जगावर आधारित खेळ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या जगाला स्वतःची भाषा, लिपी आणि कुलव्यवस्था होती. युरोपीय मध्ययुगाच्या साच्याबाहेर पडलेल्या आरंभीच्या जगांपैकी ते एक होते.

दुसरी पद्धत विशिष्टाकडून व्यापकाकडे जाते. एक गाव, एक वाट आणि एक धोका एवढ्यावर खेळ सुरू करायचा आणि खेळाडू जसजसे पुढे जातील तसतसे जग वाढवायचे. गायगॅक्स यांचे 'ग्रेहॉक' असेच वाढले. प्रारंभी तेथे एक किल्ला आणि त्याखालील भुयारे एवढेच होते.

पहिल्या पद्धतीत सुसंगती मिळते, परंतु परिश्रम वाया जाण्याची भीती असते. ज्या राजवंशाची वंशावळ रात्र-रात्र जागून लिहिली त्याचे नावही खेळाडू विचारीत नाहीत, हा अनुभव सूत्रधारांना सर्रास येतो. दुसऱ्या पद्धतीत खेळ लवकर सुरू होतो, परंतु आज सांगितलेली गोष्ट उद्या खोटी ठरण्याचा धोका असतो. व्यवहारात दोन्हींचा मेळ घालावा लागतो. गाव एकच घ्यावे, मात्र त्या गावाला लागू असलेले नियम सर्व जगाला लागू पडतील इतके पक्के असावेत. हे नियम कोणत्या प्रकारचे असतात, हे समजण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही.

४. परिसरातील दोन परंपरा : बोहाडा आणि चौक

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा हा उत्सव होतो. रात्रीच्या वेळी संबळ-सनईच्या साथीत गणपती, सरस्वती यांच्यापासून देव-दानवांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. सोंग घेणारे गावकरीच असतात आणि मुखवटा चढवताच ते त्या देवतेच्या किंवा दैत्याच्या भूमिकेत प्रवेश करतात. पाहणाऱ्या सर्वांना मुखवट्याआडचा माणूस ठाऊक असतो, तरीही त्या काळापुरते ते रूप मान्य केले जाते. भूमिकाखेळात टेबलाभोवती जो करार गृहीत असतो तो याच जातीचा आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की बोहाड्यातील विश्व केवळ मुखवट्यांच्या संख्येने उभे राहत नाही. सोंगांना क्रम असतो. अनेक गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे चालत आलेला असतो आणि त्या मानाबरोबर काही बंधनेही येतात. कोणते रूप कोणी घ्यावे, केव्हा घ्यावे आणि घेतल्यावर कसे वागावे, या नियमांनी ते विश्व बांधले गेले आहे. मुखवटे नवे केले तरी उत्सव तोच राहतो. मान आणि क्रम विस्कटले तर मात्र गावाला तो आपला वाटणार नाही.

दुसरे उदाहरण वारली समाजातील लग्नचौकाचे आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक काढतात. चौकटीच्या आत पालघट देवी असते आणि भोवती झाडे, प्राणी व माणसे येतात. लग्नविधीत धवलेरी गाणी म्हणते. हा चौक सजावटीसाठी नसतो. तो लग्नविधीचाच भाग आहे. चौकट आधी आणि तपशील नंतर, हा त्याचा क्रम विश्वरचनेच्या दृष्टीने बोलका आहे. आत काय असावे आणि बाहेर काय राहावे हे ठरले की मग आतील आकृत्यांना मोकळीक मिळते.

अर्थात बोहाडा व चौक यांना भूमिकाखेळाचे प्राचीन रूप म्हणणे योग्य होणार नाही. त्यांत नवस, श्रद्धा आणि विधी आहेत. खेळात मनोरंजन व कल्पनाविहार आहे. बोहाड्यातील कथेचा शेवट ठरलेला असतो, तर खेळातील कथेचा शेवट कोणालाच माहीत नसतो. साम्य आहे ते रचनेत. दोन्हीकडे सामूहिक कल्पना नियमांच्या आधाराने उभी राहते.

५. एक नमुना : इ. स. १७३९ चा तारापूर परिसर

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी जानेवारी १७३९ मधील तारापूर हा नमुना घेता येईल. १५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे वसई ते दमण या पट्ट्यात त्यांची ठाणी उभी राहिली. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची मोहीम सुरू झाली. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूरचा किल्ला जिंकला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव हे सरदार कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. खेळाचा आरंभ तारापूर पडण्यापूर्वीच्या पंधरवड्यात होतो आणि खेळाडूंची पात्रे किल्ल्याबाहेरील वस्तीतली माणसे आहेत, असे मानू.

(अ) भूमी आणि पाणी. पहिला नियम भरती-ओहोटीचा. माहीमकडून तारापूरकडे किनाऱ्याने निघालेल्या माणसाला खाड्या आडव्या येतात. सातपाटी आणि मुरबे ही गावे समोरासमोर दिसतात. होडीने हे अंतर किरकोळ आहे, मात्र पायी जायचे तर मोठा वळसा पडतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बारा वाजता. हा आडाखा मुंबईच्या आसपास बराचसा जुळतो; उत्तरेकडे सरकावे तशी वेळ काहीशी पुढे जाते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. सूत्रधाराने तिथी ठरवली की खाडी केव्हा उतरता येईल, मचवा केव्हा आत येईल आणि पाठलाग करणारे कोठे अडकतील, हे खेळाडू स्वतःच काढू शकतात. एका ओळीच्या नियमाने येथे दहा पानांच्या वर्णनाचे काम होते.

(आ) उत्पादन आणि टंचाई. दुसरा नियम माणसे काय खातात आणि ते कोठून येते, याचा. जानेवारीत भाताची झोडणी उरकलेली असते, म्हणजे कणगीत धान्य आहे आणि ते लुटले जाण्याची भीतीही आहे. किनाऱ्यावर मासळी वाळत असते. मिठागरांचे काम उन्हाच्या दिवसांचे आहे. पूर्वेकडे अशेरीगडाभोवतीच्या जंगलातील इमारती लाकूड किनाऱ्यावरील सत्तांना मोलाचे होते. यातून धान्य, सुकी मासळी, मीठ आणि लाकूड या चार वस्तूंची देवघेव उभी राहते. वेढ्याच्या दिवसांत यांपैकी कोणती वस्तू प्रथम संपेल, हा प्रश्न विचारला की कथानक आपोआप सुरू होते.

(इ) सत्ता आणि निष्ठा. तिसरा नियम कोणाला कोणाचे भय आहे, याचा. किल्ल्यात पोर्तुगीज अधिकारी आहेत, बाहेर मराठ्यांची फौज आहे आणि डोंगराकडे जव्हारच्या मुकणे घराण्याचे राज्य आहे. या तिघांच्या मध्ये कोळी, भंडारी, वाडवळ, वारली आणि ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत. प्रत्येक पात्राने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : तुझे कोणाला देणे आहे? तुझे कोण किल्ल्यात आहे? किल्ला पडला तर तुझे काय जाईल? या उत्तरांतून निघणारे जग 'मराठे विरुद्ध फिरंगी' या सरळ विभागणीहून अधिक खरे असते.

(ई) रिकाम्या जागा. चौथा नियम जाणूनबुजून न सांगण्याचा. सूत्रधाराने सर्व काही ठरवून टाकले तर खेळाडूंना फिरण्यापलीकडे काम उरत नाही. होडीवाल्याचा भाऊ कोठे आहे, किल्ल्याच्या पाणीसाठ्याची वाट कोणाला माहीत आहे, अशा गोष्टी खेळाडूंवर सोडाव्यात. त्यांनी सांगितलेले उत्तर मात्र पुढे बदलू नये. एकदा उच्चारलेली गोष्ट सर्वांसाठी खरी, हा नियम सूत्रधारालाही बांधतो.

६. साचा मोडणारा पुरावा

कल्पित जग रचताना सर्वांत मोठा अडसर आपल्या मनातील तयार साच्यांचा असतो. मध्ययुग म्हटले की धर्माधर्मांतील अखंड वैर, असा एक साचा पुष्कळांच्या मनात असतो. तारापूरशेजारच्या चिंचणी येथे सापडलेला राष्ट्रकूट काळातील शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट त्याला छेद देतो. इंद्र तिसरा याच्या कारकिर्दीतील या लेखात संयान म्हणजे संजाण या मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचा उल्लेख आहे. 'मधुमती' हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आणि 'ताजिक' म्हणजे अरब. त्याची नेमणूक राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने केली होती. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य नावेची सोय केली आणि भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र चालवले, असे लेख सांगतो. एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेला त्याच्या संमतीने जमिनीचे दान मिळाल्याचीही त्यात नोंद आहे.

अरब अधिकारी, राष्ट्रकूट सम्राट, देवीची मठिका आणि फुकटची नाव असे जग एखाद्या सूत्रधाराने मनाने रचले असते तर ते अवास्तव म्हणून त्याची टीका झाली असती. विश्वरचनेसाठी इतिहासाचा उपयोग हाच आहे. इतिहास केवळ तपशील पुरवीत नाही, तो आपल्या कल्पनाशक्तीचे आळसावलेले भाग उघडे पाडतो. शिवाय या लेखातील विनामूल्य नाव हा पुन्हा खाडी ओलांडण्याच्या अडचणीवरचाच उपाय आहे, हेही लक्षात घ्यावे. १७३९ च्या नमुन्यात ज्या पाण्याने पात्रांना अडवले त्याच प्रकारच्या पाण्याने आठ शतकांपूर्वीच्या कारभाऱ्यालाही पुण्यकर्माची संधी दिली होती.

७. 'निर्जन प्रदेश' आणि जबाबदारीचा प्रश्न

भूमिकाखेळाच्या आरंभकाळापासून एक कथाबंध विशेष लोकप्रिय आहे. साहसी वीरांचा गट सुसंस्कृत वस्तीतून निघतो, नकाशावरच्या कोऱ्या प्रदेशात शिरतो, तेथील 'रानटी' जमातींना मारतो आणि संपत्ती घेऊन परततो. या बंधात एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट मानलेली असते. त्यावर दीर्घकाळ टीका झाली. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनीही जून २०२० मध्ये अशा जमातींचे चित्रण बदलण्याची भूमिका जाहीर केली.

पालघरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वैचारिक राहत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण मोठे आहे. महाविद्यालयातील वर्गात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी विद्यार्थी बसलेले असतात. त्यांच्याच शेजारी औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या परप्रांतीय कामगारांची मुले असतात. अशा वर्गात कोणी उत्साहाने नकाशा काढला, पूर्वेकडे हिरवा रंग दिला आणि त्यावर 'निर्जन जंगल, रानटी टोळ्या' असे लिहिले, तर त्या हिरव्या रंगात कोणाचे तरी घर असते.

जमीन रिकामी मानण्याची किंमत या परिसराने मोजली आहे. १९४५ मध्ये डहाणू-तलासरी भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. त्यामागे वेठबिगारी होती आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसाला सावकाराकडे राबवणारी लग्नगड्याची प्रथा होती. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात त्याचे अनुभवकथन केले आहे. पुढील काळात तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र कार्यान्वित झाले. तेथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीच्या प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. वर्तमानकाळात घडणारी कल्पित मोहीम रचताना अणुभट्टीला 'राक्षसाची गुहा' करणे सोपे आहे. परंतु ज्यांचे गाव नकाशावरून हलले त्यांच्या दृष्टीने ती जागा गूढ नाही; तेथे त्यांची विहीर आणि अंगण होते.

याचा अर्थ या विषयांना हातच लावू नये, असा नाही. लग्नगड्याची प्रथा समजून घेतली तर खेळातील अर्थव्यवस्थेचा एक खोल नियम हाती येतो. रूढ खेळात पात्रे सोन्याची नाणी गोळा करतात. १९४५ चा काळ घेतलेल्या खेळात मुख्य आर्थिक वस्तुस्थिती कर्ज ही असेल. पात्राच्या नोंदपत्रावर 'जवळ किती आहे' याऐवजी 'देणे किती आहे' हा रकाना येईल आणि प्रत्येक निर्णयाला वेगळा अर्थ प्राप्त होईल. मात्र दुसऱ्याच्या वेदनेचा थरार म्हणून वापर होणार नाही, याची काळजी सूत्रधाराने घेतली पाहिजे.

यासाठी तीन साधे निकष सुचवता येतील. पहिला, ज्या गोष्टी समाजाने स्वतः बाहेर आणल्या आहेत आणि ज्या विधीपुरत्या राखल्या आहेत, त्यांत भेद करावा. वारली चित्रकलेच्या बाबतीत हा भेद स्पष्ट दिसतो. गंजाड येथील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यासारख्या कलावंतांनी शेती, मासेमारी, तारप्याचा नाच यांची चित्रे कागदावर आणून जगापुढे ठेवली. विधीचा चौक मात्र विधीच्या जागीच अर्थपूर्ण आहे. म्हणून पालघट देवीला खेळातील एक 'शक्तिस्थान' करून तिला गुण देणे टाळावे. दुसरा निकष, खऱ्या समाजाचे नाव घेतले तर त्या समाजातील माणसे खेळात नावानिशी, परस्परांहून भिन्न आणि निर्णयक्षम असावीत. तिसरा, गटात त्या समाजाचा विद्यार्थी असेल तर त्याला 'माहितगार' म्हणून कोपऱ्यात बसवू नये. त्यालाही इतरांप्रमाणे हवे ते पात्र घेण्याची मोकळीक असावी. वारली विद्यार्थ्याने पोर्तुगीज कप्तान व्हावे, यात खेळाचे खरे सामर्थ्य आहे.

८. अध्यापनातील उपयोग आणि मर्यादा

वरील विवेचनावरून विश्वरचना ही अनेक विद्याशाखांना एकत्र आणणारी कृती असल्याचे दिसून येते. भरतीचा आडाखा भूगोलाच्या आणि गणिताच्या, वस्तूंची देवघेव अर्थशास्त्राच्या, ताम्रपट इतिहासाच्या आणि पात्राची बोली मराठीच्या अभ्यासाला जोडता येते. विशेषतः बोलीबाबत वर्गात एरवी संकोचून बोलणारा विद्यार्थी पात्राच्या आडून आपली वाडवळी किंवा वारली बोली मोकळेपणाने बोलू शकतो. प्रमाणभाषेच्या दडपणाखाली असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. एका बैठकीला दोन ते तीन तास लागतात. तासिका पाऊण तासाची असते. सहा जणांत रंगणारा खेळ मोठ्या वर्गात खेळता येत नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत. शिवाय सूत्रधार म्हणून शिक्षक बसला तर विद्यार्थी त्याच्या मनातले उत्तर शोधू लागतात आणि खेळाचा तोंडी परीक्षेत कायापालट होतो. यावर व्यवहार्य मार्ग असा की संपूर्ण मोहीम खेळण्याऐवजी विश्वरचना हाच स्वतंत्र उपक्रम मानावा. सहा-सहा विद्यार्थ्यांच्या गटांना आपल्या गावाच्या पाच किलोमीटर परिघाचे एक जुने वर्ष निवडण्यास सांगावे. पाणी, उत्पादन, सत्ता आणि रिकाम्या जागा या चार सूत्रांवर प्रत्येकी एक पान लिहून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून किमान एक नोंद मिळवण्याची अट असावी. इतिहास किंवा मराठी मंडळाच्या उपक्रमात हे सहज बसू शकते. ज्यांना खेळायचे असेल ते पुढे सुट्टीच्या दिवशी सूत्रधार निवडून खेळतील.

९. समारोप

कल्पित जग म्हणजे वास्तवापासून सुटका, अशी धारणा असल्यामुळे शिक्षणक्षेत्राने या प्रकाराकडे बहुधा दुर्लक्ष केले आहे. प्रत्यक्षात चांगले कल्पित जग रचणाऱ्याला भरती केव्हा येते, धान्य कोणाच्या कणगीत आहे, कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे आणि देवतेचे रूप घेण्याचा मान कोणाचा आहे, हे विचारावेच लागते. हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी आपल्याच गावाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. बोईसरच्या फलाटावरून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला तारापूर म्हणजे कारखाने आणि अणुकेंद्र एवढेच ठाऊक असते. त्याच भूमीवर एके काळी एका अरब कारभाऱ्याने प्रवाशांसाठी फुकट नाव ठेवल्याची नोंद आहे, हे त्याला खेळाच्या निमित्ताने कळले तरी पुष्कळ झाले.

नकाशावर एखादी जागा कोरी सोडताना रचनाकाराने स्वतःला एकदा विचारावे की ती खरोखर रिकामी आहे, की तेथे कोण राहते हे आपण अद्याप विचारलेलेच नाही. विश्वरचनेच्या कोणत्याही पद्धतीत ही पहिली पायरी मानली जावी.